नववीतला मुलगा दीड महिना शाळेत जात नाहीये, चांगले काउन्सेलर सुचवा (कराड / सांगली किंवा ऑनलाइन)

कराडकरीण:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा १४ वर्षांचा, नववीत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या दिवशी सकाळी पोटात दुखायला लागलं, आम्हाला वाटलं फराळ बाधला. मग रोजच. सहाला उठतो, अर्धा तास बाथरूममध्ये, उलटी काढतो, युनिफॉर्म अंगावर चढवला की हात थरथरतात. आणि दहा वाजले की पोट एकदम ठीक, पोहे मागून खातो. रविवारी तर काहीच नसतं. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकमत की नाटक करतोय. सोनोग्राफी झाली, रक्तलघवी झाली, जंताचं औषध झालं, सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढून झाली. मुलांचे डॉक्टर म्हणाले शरीरात काही नाही, काउन्सेलिंग करा.

म्हणून एकांकडे नेलं. नाव लिहीत नाही. त्यांनी चाळीस मिनिटांत अब्दुल कलाम पेपर टाकायचे इथपासून सुरू करून आईबाप तुझ्यासाठी किती राबतात इथपर्यंत सांगितलं, मोबाइल काढून घ्या असं आम्हाला सांगितलं आणि शेवटी त्याच्याकडून प्रॉमिस घेतलं की सोमवारी जाणार. सोमवारी गेला नाहीच. आता म्हणतो मी आधी आजारी होतो, आता खोटारडा पण झालो, परत कुणाकडे येणार नाही.

ह्यांनी एकदा गाडीत घालून नेला. शाळेच्या गेटवर उतरला नाही, दाराचं हँडल धरून बसला, रिक्षावाले पोरांचे आई-वडील सगळे बघत होते. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद.

मला हवंय: १) मुलांशी नीट बोलणारं कुणीतरी, मिरज-सांगलीपर्यंत जाऊ, पुण्याला महिन्यातून एकदा जमेल. २) ऑनलाइनचा या वयात उपयोग होतो का? ३) तो येतच नाही म्हणाला तर काय करायचं? हजेरी ७५ टक्के लागते, पुढच्या वर्षी दहावी, रात्रभर झोप नाही मला.

चहाटळ:
ताई आधी एक करा, त्या काउन्सेलरांना कलामांची गोष्ट तुम्हीच परत जाऊन सांगा, फी घेऊन.
(चेष्टा सोडा, धागा वर राहावा म्हणून लिहिलं. जाणकार येतीलच.)

रोखठोक:
आमच्या वेळी असली थेरं नव्हती. पोटात दुखतंय म्हटलं की वडील कमरेचा पट्टा काढायचे, पोट आपोआप थांबायचं. दोन दिवस मोबाइल आणि वायफाय बंद करा, घरात कंटाळून स्वतः जाईल.

फळाखडू:
रोखठोक, तुमच्या वर्गातली जी दोन-तीन मुलं सातवी-आठवीत कायमची गळाली त्यांची पोटं कशी थांबली ते विचारलंत का कधी कुणाला? मी ३१ वर्षं शिकवलंय म्हणून सांगते. शाळा बुडवणारा मुलगा घरी सांगत नाही. तो दप्तर घेऊन निघतो आणि नदीवर जाऊन बसतो. जो घरातच थांबतो, उलट्या काढतो, ज्याला शाळा बुडतेय याची स्वतःलाच लाज वाटते, तो वेगळा. ताई, एक विचारते, सुट्टीआधी शाळेत काही झालं होतं का? तुकडी बदलली, बाक बदलला, मित्राशी फाटलं, सरांनी वर्गात काही म्हटलं? वर्गशिक्षकांपेक्षा शिपाईमामांना जास्त माहीत असतं, त्यांनाही विचारा.

कराडकरीण:
मोबाइल चार दिवस बंद करून झाला. चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला होता, बस.
फळाखडू ताई, तो काहीच सांगत नाही. पण सप्टेंबरमध्ये मराठीच्या तासाला उभं राहून वाचायचं होतं तेव्हा अडखळला आणि मुलं हसली असं त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं. एवढ्याशा गोष्टीने असं होतं का?

बदलापूर_लोकल:
अडखळला हे वाचून राहवलं नाही. माझ्या मुलाचं आठवीत डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) निघालं, तोपर्यंत आम्ही त्याला आळशी म्हणत होतो (आठ वर्षं!). मुंबईच्या सायन हॉस्पिटलच्या एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातली अडचण) क्लिनिकला तपासण्या केल्या, खूप खेटे घातले, पण सर्टिफिकेट मिळालं आणि दहावीच्या बोर्डाला जादा वेळ वगैरे सवलती मिळाल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे बसतं. तुमच्याकडे तेच असेल असं मुळीच म्हणत नाही, पण लहानपणापासून वाचताना अडायचा का, स्पेलिंगचा घोळ, तोंडी छान आणि पेपरात कमी असं काही असेल तर ते आत्ताच तपासा, दहावीच्या तोंडावर पळापळ होते. आणि मुलाला 'तुझ्यात काहीतरी आहे' असं सांगायची भीती वाटते ना, माझा तर सुटल्यासारखा रडला, म्हणाला म्हणजे मी ढ नाहीये.

पारिजात:
मी याच क्षेत्रात आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. इथे ओळख देत नाही आणि मुलाला न बघता निदानही करणार नाही, पण कुठे जायचं ते ठरवायला मदत होईल एवढं लिहिते, लांबेल.

तुम्ही सांगताय तसं, सकाळी दुखणं, दहानंतर आणि सुट्टीच्या दिवशी गायब, हे आमच्याकडे फार बघायला मिळतं. दुखणं खरं असतं. भीती वाटली की पोटात गोळा येतो असं आपणच म्हणतो की नाही? शाळेची वेळ टळली की भीती उतरते, पोट उतरतं. आणि यातच सगळी गोम आहे, घरी राहिलं की बरं वाटतं हे शरीर शिकतं, त्यामुळे जितके दिवस घरी तितकी शाळा लांब. म्हणून 'मनाची तयारी झाली की जाईल' असं म्हणून महिनोन्‌महिने थांबायचं नाही आणि उचलून नेऊन टाकायचंही नाही.

आता कोण कोण असतं ते. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी नंबर मागा, त्यांच्या साइटवर नाव सापडतं, विचारल्यावर राग आला तर तिथूनच परत या. काउन्सेलर या शब्दाखाली मात्र एमए करून चांगली सुपरव्हिजन घेतलेले लोक पण असतात आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेले पण. फोनवरच विचारा: किशोरवयीन मुलांसोबत किती काम केलंय, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी पायरीपायरीने बदलायची थेरपी) करता का, आईवडिलांना सेशनमध्ये घेता का, शाळेशी बोलता का. यातलं शेवटचं 'हो' नसेल तर तुमच्या केसमध्ये अर्धंच काम होईल.

तो येत नाही म्हणाला तर तुम्ही दोघं जा. हे मी मनापासून सांगतेय. पहिल्या तीन-चार सेशनला मूल नसलं तरी बरंच हलतं कारण सकाळी सहा ते आठ या दोन तासांत घरात कोण काय बोलतं ते बदलायचं असतं आणि ते बदलणारे तुम्ही आहात. आजी पण.

थेरपिस्ट मुलाचं सगळं तुम्हाला सांगणार नाही, ते सांगू पण नये. जिवाला धोका असेल तर सांगतात, आणि लैंगिक अत्याचाराचं काही पुढे आलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच भेटीत मुलासमोर स्पष्ट सांगणारा माणूस चांगला समजा.

एक प्रश्न तुम्ही घरी आजच विचारा, शांतपणे: 'कधी जगणं नको असं वाटतं का रे?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर वाट बघू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात न्या. रात्री-अपरात्री टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

चहाटळ:
आजी पण!! 😄 सासूबाईंना थेरपीला नेणाऱ्या ताईंचा जाहीर सत्कार करण्यात येईल.

मिरजवाली:
मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायचा, पैसे फार लागत नाहीत, गर्दी मात्र खूप, सकाळी लवकर जायचं आणि दुपारचा डबा घेऊन जायचं. तुमच्या कराडातच कृष्णा हॉस्पिटल आहे की, तिथेही विभाग आहे, तिथून सुरुवात का नाही करत? ओळखीचे भेटतील म्हणून असेल तर समजू शकते, मी माझ्या मुलीच्या वेळी त्याच कारणाने गाव सोडून लांब जात होते. सिव्हिल हॉस्पिटलांमध्ये डीईआयसी म्हणून मुलांच्या वाढीतल्या आणि शिकण्यातल्या अडचणी बघणारं केंद्र असतं ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, बऱ्याच लोकांना वाटतं फक्त लहान बाळांसाठी.

ठाणेकर_७२:
ठाण्याची आयपीएच, डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्याची संस्था, १९९० पासून आहे. आम्ही भाच्यासाठी गेलो होतो. अपॉइंटमेंटला वेळ लागला पण आईवडिलांना वेगळं, मुलाला वेगळं, मग एकत्र, असं व्यवस्थित केलं. ऑनलाइन मिळेल का ते फोन करून विचारा. आणि मुंबईच्या टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) या संस्थेची आयकॉल हेल्पलाइन आहे, ती मोफत आहे, आईने स्वतःसाठी केली तरी चालते.

माजी_बुडव्या:
मी २२ वर्षांचा आहे, हे सगळं मी आठवी-नववीत केलंय, गाव वेगळं एवढंच. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

काकू, 'एवढ्याशा गोष्टीने होतं का' तर हो. माझ्या बाबतीत पीटीच्या तासाला पँट फाटली होती. बस. पण ते एकच कारण नव्हतं, ते शेवटचं होतं. आणि मला स्वतःला माहीत नव्हतं की मी का जात नाही, त्यामुळे घरचे 'कारण सांग, फक्त कारण सांग' म्हणायचे तेव्हा मी काहीही कारण सांगायचो आणि मग ते सोडवायला लागायचे. सर बदलून मागितले, बाक बदलून मागितला. माझं पोट तसंच.

मला पण पहिले एक काउन्सेलर भाषण देणारे भेटले. दुसऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशी शाळेचा विषयच काढला नाही, पत्ते खेळलो आम्ही, बदाम सात. मला वाटलं बाबांचे ८०० रुपये वाया. तिसऱ्या वेळेला पत्ते पिसताना मीच बोललो. मग त्यांनी एक जिना काढला कागदावर. पहिली पायरी, संध्याकाळी शाळा बंद असताना गेटपर्यंत सायकलवर जायचं आणि परत यायचं. दुसरी, मधल्या सुट्टीत मित्राला गेटवर भेटायचं. मग लायब्ररीत एक तास. मग आवडीचा एक तास. प्रत्येक पायरीला भीतीला दहापैकी मार्क द्यायचे, ती खाली येईपर्यंत तिथेच थांबायचं, पळायचं नाही. मला पूर्ण दिवस बसायला अडीच महिने लागले आणि मध्ये चाचणी परीक्षेला परत शून्यावर आलो.

आणि काकांना सांगा, तो बोलत नाही म्हणून तुम्ही बोलणं बंद करू नका. माझे बाबा रोज रात्री येऊन फक्त 'क्रिकेटचा स्कोर काय झाला' विचारायचे. मी सांगायचो नाही. तरी विचारायचे.

रोखठोक:
बरं बाबा, पट्टा मागे घेतो. पण मग पुढे गोळ्या सुरू करतात आणि मुलांना सवय लागते, हे तरी खरं की नाही? मेहुण्याच्या मुलीला दिल्यात.

पारिजात:
सगळ्यांना गोळ्या लागत नाहीत. आधी थेरपी, आणि भीती किंवा उदासी इतकी असेल की थेरपीला बसताच येत नाही तर डॉक्टर फ्लुओक्सेटिनसारखं औषध सुचवतात. त्याची दारूसारखी सवय लागत नाही. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या, सुरुवातीच्या आठवड्यांत मुलावर बारीक लक्ष, अस्वस्थपणा किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. मेहुण्यांना हे सांगा, पट्ट्याचं नका सांगू.

नगरी_मावशी:
शाळा नकोच असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून देता येते, माझ्या भाच्याने दिली, हजेरीची कटकट नाही.

पारिजात:
मावशी, ती वाट आहे आणि काही मुलांसाठी ती योग्यही असते. पण आत्ता घरात त्याच्यासमोर तो विषय काढू नका. आधी पायऱ्या चढून बघू दे.

कराडकरीण:
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार मानायचे राहिले, घरात खूप काही चाललं होतं.

त्या रात्री प्रश्न विचारला. माझेच हात गार पडले होते. म्हणाला, मरायचं नाहीये ग आई, फक्त सकाळ नको असते. मग दोघंही रडलो आणि मग मॅगी केली.

सांगलीला एक मॅडम मिळाल्या, आरसीआयचा नंबर विचारला, त्यांनी हसून भिंतीवरची फ्रेम दाखवली. पहिले दोन वेळा आम्ही दोघंच गेलो. ह्यांना तिथे गेटवरचा प्रसंग सांगायला लावला, सांगताना हे थांबले, मग म्हणाले मला माझ्या वडिलांनी असंच नेलं होतं. बावीस वर्षं लग्नाला झाली, मला हे माहीत नव्हतं. तिसऱ्या वेळी गाडीत मुलगा स्वतः येऊन बसला, आत आला नाही, बाहेर बाकावर. चौथ्या वेळी आत. आता एक आठवडा प्रत्यक्ष, एक आठवडा ऑनलाइन, ऑनलाइनला कॅमेरा बंद ठेवतो तरी त्या चालू देतात. वाचनाची तपासणी पण करायला सांगितलीय, पुढच्या महिन्यात. शाळेच्या मुख्याध्यापिका तयार झाल्या, आधी नव्हत्या, मॅडमनी पत्र दिलं तेव्हा झाल्या.

गेला आठवडाभर चित्रकलेच्या तासाला जाऊन येतोय. काल नाही गेला. पोट दुखत होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण देवासमोर जरा जोरात घंटा वाजवली.

माजी_बुडव्या:
काल नाही गेला ते ठीक आहे काकू. उद्या तीच पायरी, वरची नाही.

चहाटळ:
घंटेचा राग मॅडमना कळवा, पुढचं सेशन आजींचं.

इस्लामपूरकर:
धागा वर काढतोय, माफ करा. मुलगी सातवीत, केस उपटते, भुवया पण, आधी स्किनच्या डॉक्टरांकडे चार महिने गेले. सांगलीच्या मॅडमचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आणि मुलगी पुरुष डॉक्टरांकडे जायचं नाही म्हणते, त्यामुळे मॅडमच हव्यात.

कराडकरीण:
केलाय व्यनि. आधी फोनवर विचारा, गुरुवारी त्या घेत नाहीत.