आयसीयूत सेलेनियम-झिंक: उपचार की रिपोर्टची रंगरंगोटी?

रात्रपाळी: सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने सगळं शरीर बिघडतं तो आजार) रुग्णाच्या रक्तातलं सेलेनियम, झिंक, लोह कमी होतं, आणि सेलेनियम फार खाली गेलेले जास्त दगावतात. इथवर वाद नाही. पण ते शिरेतून भरलं की माणूस वाचतो, हे कुणी ठरवलं? जर्मनीतल्या ३३ आयसीयूंत हजारावर रुग्णांवर चाचणी झाली, २०१६ साली निकाल आला. २८ दिवसांत मृत्यू: सेलेनियमवाले २८.३ टक्के, दुसरे २५.५. फरक योगायोगाचा असेल, पण फायदा कुठाय?

सदाफुली: २००७चा जर्मन अभ्यास सोयीस्कर गाळलात. त्यात मृत्यू ४२.४ विरुद्ध ५६.७ टक्के, सेलेनियमच्या बाजूने.

रात्रपाळी: ते आकडे बरेच रुग्ण वगळल्यावरचे. ते धरून २३८ जणांचा हिशेब केला तर ३९.७ आणि ५०, आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही.

भीमथडी: सगळी खनिजं एका माळेत ओवू नका राव. मॅग्नेशियम पडलेलं असताना पोटॅशियम कितीही ओता, लघवीवाटे जातं. उपाशी पेशंटला नळीतून फीड सुरू केलं की फॉस्फेट धाडकन खाली येतं, श्वासाचे स्नायू थकतात, व्हेंटिलेटर सुटत नाही. तिथे पेपर वाचत बसायचं का?

रात्रपाळी: ती द्यायचीच, त्यावर भांडण नाही.

खारे_शेंगदाणे: काकांचं कॅल्शियम ७.४ आलं होतं, आम्ही रात्रभर जागे. सकाळी सिस्टर म्हणाल्या, अल्ब्युमिन (कॅल्शियम धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन) कमी आहे म्हणून तसं दिसतंय, आयनाइज्ड, म्हणजे मोकळं कॅल्शियम, ठीक आहे. आदल्या रात्री कुणी सांगितलं असतं तर! असो. पण कमी असेल ते भरायचं, यात चूक काय?

रात्रपाळी: लोहाचं बघा. जंतूंना लोह लागतं, म्हणून यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडून ते साठ्यात कोंडतं. झिंकही यकृतात ओढलं जातं. चोर शिरला म्हणून आजीने दागिने माळ्यावर लपवले, आणि तुम्ही ते परत ओट्यावर मांडताय.

सदाफुली: आणि जिच्याकडे आधीपासूनच दागिने नव्हते ती आजी? वर्षानुवर्षं दारू, अर्धपोटी, महिनाभर जुलाब... असे पेशंट आपल्याकडे कमी आहेत का?

रात्रपाळी: अशांना रोजच्या गरजेइतकं द्याच. मेगाडोस नको. शिवाय ओळखणार कसं? रक्तातला आकडा दोघींचा सारखाच येतो.

सदाफुली: सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा, सोबत वाचायचा. आणि घरच्यांना विचारायचं, शेवटचं पोटभर कधी जेवले होते.