शिनाणे ओल्यात चिकटतात, मग आपला गोंद का नाही?

खाडीकर_मालवण
आमची फायबरची छोटी होडी आहे. तळाला बारीक चीर गेली की दोन नळ्यांचा एपॉक्सी कालवून लावतो. जागा जराशी दमट राहिली तरी काही दिवसांत पापुद्रा सुटून हातात येतो. आणि त्याच होडीच्या नांगरदोरीला बसलेले शिनाणे (खडकाला चिकटून राहणारे, खायचे शिंपले) कोयत्याने खरवडावे लागतात! पाण्यातच जन्म, पाण्यातच चिकटणं. हा गोंद आहे तरी कसला? कोणी तो काढून विकतं का? घरी शिनाणे साफ करताना वाटीभर दाढी, म्हणजे त्यांचे चिकटायचे धागे, निघते, ती टाकून देतो. गिऱ्हाईक असेल तर सांगा, हसू नका.

कालवणप्रेमी
दाढी बिजागरीच्या बाजूला ओढा, धाग्यासकट येते. उलट ओढलीत तर आतलं मांस फाटतं. बाकीचं जाणकार सांगतील.

प्रथिनवाली
हसत नाही दादा, माझी पीएचडी याच दाढीवर झाली. म्हणून जरा लांब लिहिते.

आधी वाईट बातमी: वाटीभर दाढीला गिऱ्हाईक नाही. दाढी म्हणजे घट्ट होऊन गेलेला गोंद, तो पुन्हा विरघळत नाही. ओला गोंद असतो शिनाण्याच्या पायात. हा पाय जिभेसारखा बाहेर येतो, खडक चाचपतो, एका जागी टेकतो. त्याच्या खालच्या बाजूला एक चर असते, तिच्यात ग्रंथींमधून प्रथिनं ओतली जातात आणि काही मिनिटांत धागा आणि टोकाची चकती तयार. पाय उचलला की दुसरा धागा.

या प्रथिनांची किल्ली हर्बर्ट वेट आणि टँझर या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये अटलांटिकच्या निळ्या शिनाण्यात दाखवली. त्यांत डोपा नावाचं अमिनो आम्ल असतं. (हेच डोपा खाजकुइलीच्या बियांत असतं आणि पार्किन्सनच्या रुग्णांना देतात.) खडकाला टेकणाऱ्या प्रथिनांत ते सगळ्यात जास्त. डोपा दगडातल्या धातूंच्या अणूंना थेट धरतं.

पण तुमची अडचण त्याच्याही आधीची आहे. समुद्रात कुठलाही पृष्ठभाग उघडा नसतो, त्यावर पाण्याचा आणि क्षारांचा थर बसलेला असतो. तुमचा एपॉक्सी त्या थराला चिकटतो, फायबरला नाही. शिनाण्याच्या प्रथिनात डोपाच्या शेजारी लायसिन नावाचं दुसरं अमिनो आम्ल असतं. हे लायसिन खडकावरचे क्षार हुसकावतं आणि मोकळ्या झालेल्या जागी डोपा बसतं, असं २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराच्या गटाने दाखवलं. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात देखणा प्रयोग तोच.

आणखी एक गंमत. समुद्राचं पाणी अल्कधर्मी, त्यात डोपा लगेच ऑक्सिडाइज होऊन दगड धरायची ताकद गमावतं. म्हणून पाय टेकला की त्याखालची चिमूटभर जागा प्राणी आम्लधर्मी करतो, आणि सोबत गंधकवालं एक प्रथिन सोडतो, जे डोपाला पूर्ववत करत राहतं. पाय उचलल्यावर खारं पाणी आत येतं आणि चकती घट्ट होते. आधी पकड, मग कडकपणा. हा क्रम बाटलीत भरणं फार अवघड आहे.

आपला हिरवा शिनाणा आणखी वेगळा. त्याच्या धाग्यावरच्या मुख्य प्रथिनात डोपाऐवजी साखर जोडलेलं ट्रिप्टोफॅन हे वेगळंच अमिनो आम्ल सापडलं. म्हणजे निळ्या शिनाण्याची पाठ्यपुस्तकं मालवणला जशीच्या तशी लागू नाहीत.

खाडीकर_मालवण
ताई, वाटी गेली ओट्यावरून खाली. पण मग पाय विकले तर?

प्रथिनवाली
१ ग्रॅम प्रथिनाला सुमारे १०,००० शिनाणे लागतात. ते खाल्लेले परवडतील. म्हणूनच कोरियातल्या पोहांगच्या गटाने जीवाणूंकडून असं प्रथिन बनवून घेतलं. गर्भवेष्टनाला (पोटातल्या बाळाभोवतीच्या पिशवीला) पडलेलं भोक बुजवायला शिनाण्यावरून बेतलेला गोंद वापरून पाहण्याचेही प्रयोग झालेत. बाजारात मात्र सगळ्यात पुढे गेलं ते प्लायवुड. अमेरिकेतल्या ओरेगॉनचे शास्त्रज्ञ काइचांग ली यांनी किनाऱ्यावर लाटा खाणारे शिनाणे पाहिले आणि सोयाबीनच्या प्रथिनापासून फॉर्माल्डिहाइड नसलेला गोंद केला. २००७ मध्ये त्याला अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. त्यात शिनाण्याचा अंशही नाही, फक्त कल्पना त्याची.

कल्पाक्कम_निवृत्त
आमच्याकडे प्रश्न उलटा होता: चिकटलेले काढायचे कसे? वीजकेंद्राला थंड पाणी आणणाऱ्या समुद्राखालच्या बोगद्यात हेच हिरवे शिनाणे थरावर थर बसतात. मधूनमधून क्लोरीन सोडला तर ते शिंपले मिटून बसतात आणि पाणी निवळलं की पुन्हा उघडतात. म्हणून कमी मात्रेत पण सतत सोडावा लागतो. ताई, चिकटूच देणार नाही असा रंग करा कोणीतरी, आम्ही दुवा देऊ.

प्रथिनवाली
काका, त्यावरही काम चालू आहे. तेल मुरवलेल्या, निसरड्या थरावर पाय टेकतो पण गोंद सोडायला राजी होत नाही. बोगद्याएवढ्या जागेत ते वर्षानुवर्षं टिकवणं ही खरी कसोटी.

खाडीकरदादा, तुमच्या चिरेचं आत्ताच सांगते: होडी ओढून वर घ्या. चीर गोड्या पाण्याने धुवा, मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. खरखरीत पॉलिश पेपरने घासा, पूर्ण वाळू द्या, मग ॲसिटोनने पुसा आणि तासाभरात एपॉक्सी लावा, बोटांचा स्पर्श न करता. पाण्यातच लावायची वेळ आली तर पाण्याखाली चालणारी एपॉक्सीची पुटी घ्या आणि जोर लावून चोळा, म्हणजे मधलं पाणी बाहेर ढकललं जाईल. ती तात्पुरतीच धरा.

खाडीकर_मालवण
पौर्णिमेच्या उधाणाला वर घेतो. ॲसिटोन हार्डवेअरवाल्याकडे मिळेल ना, की कुडाळला जायचं?

कालवणप्रेमी
रंगाच्या दुकानात विचारा, मिळतं. आणि होडी वर असेल तेव्हा दोरीवरचे शिनाणे आमच्याकडे पाठवा.