डिसेंबरमधला प्रवास, चर्चची कामं आणि नागपूरला एकटे असलेले बाबा : मदत हवी आहे

नमस्कार.

आम्ही पुण्यात राहतो. आमच्या चर्चमध्ये रविवारी पेटी मी वाजवते आणि संडे स्कूलही माझ्याकडेच आहे. डिसेंबर दरवर्षी धावपळीचा असतो आणि ती धावपळ मला मनापासून आवडते. यंदा मात्र जीव दोन ठिकाणी अडकला आहे, म्हणून इथे विचारते.

३० नोव्हेंबरला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. त्या दिवसापासून मुलांच्या नाटिकेच्या तालमी. ६ डिसेंबरला मिरजेत नणंदेच्या मुलाचं लग्न, आदल्या दिवशी हळद. म्हणजे शुक्रवारी पहाटे निघायचं आणि लग्न लागलं की रात्रीच परतायचं, कारण ७ तारखेला रविवार. १४ ला नगरजवळ गावी धाकट्या दिरांच्या बाळाचा बाप्तिस्मा. १५ ते २३ रोज रात्री घरोघरी कॅरल, म्हणजे नाताळची गाणी. आमच्या मंडळीची घरं पिंपरीपासून वानवडीपर्यंत विखुरलेली, शेवटच्या घरचा चहा होईतो बारा वाजतात. २१ ला नाटिका, २४ ला रात्री मेणबत्त्यांची उपासना, २५ ला सकाळची आणि ३१ ला वर्षअखेरची. फराळ यातूनच जमेल तसा. करंज्यांना सासूबाई येणार आहेत, ती काळजी नाही.

लग्न आणि बाप्तिस्मा निभावेल. अडलंय ते नागपूरच्या बाबतीत.

आई जूनमध्ये गेली. बाबा घरी एकटेच आहेत. तिच्याशिवायचा त्यांचा हा पहिलाच नाताळ. पेटी मला त्यांनीच शिकवली. तीस वर्षांहून जास्त काळ तिथल्या चर्चमध्ये ते वाजवत होते. मंडळीला काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) सुखानं गाता येतं, तुझ्या गळ्यासाठी सूर चढवू नकोस, हे त्यांचं सांगणं मी अजून पाळते. विलायती चालींपेक्षा भजनाच्या चालीवर त्यांचा जीव. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना जाऊन १९१९ पासून शंभरावर वर्षं झाली, पण त्यांचा अभंग लागला की बाबा आजही डोळे मिटून घेतात.

मी २५ ला रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघायचं ठरवलं होतं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला पोचते. परवा शेजारच्या काकूंचा फोन आला. नाताळच्या सकाळी उपासनेआधी फुलं घेऊन आईच्या कबरीवर जायचंय, असं बाबा त्यांना म्हणाले. मला फोनवर एवढंच म्हणतात, "तू तुझं चर्च सांभाळ, माझं काय." त्या सकाळी ते दफनभूमीत एकटे उभे असतील, हे मला सहन होत नाही.

त्यांना इकडे आणायचा प्रयत्न केला. यंदा घराला कुलूप लावायचं नाही म्हणतात, आणि ते मला पटतं.

तेव्हा सांगा, ऐन २४-२५ च्या उपासना सोडून जाणं बरोबर आहे का? पेटीला दुसरं कोणी तयार नाही. तरुण संघातला अकरावीतला एक मुलगा घरी वाजवतो, पण मंडळीपुढे कधी बसलेला नाही. सहा आठवड्यांत त्याला कसं तयार करावं? आणि तिकिटांचं काय? आता आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं. २५ चं २६ ऑक्टोबरला उघडलं, तेव्हा मी तेच काढलं. २३ चं आता पाहिलं तर मोठी वेटिंग आहे. ३१ च्या रात्री मला पुण्यात असायलाच हवं, त्या उपासनेतली साक्ष (विश्वासाचा अनुभव सांगणं) आणि वाचनं माझ्याकडे आहेत.

प्रतिसाद १

ताई, आधी तिकिटाचं. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून सुटते. पुण्याहून नागपूर न शोधता कोल्हापूर ते नागपूर शोधा आणि तिकीट काढतानाच बोर्डिंग पुणे निवडा. भाडं थोडं जास्त पडतं, पण गाडी जिथून सुटते तिथल्या कोट्यातली वेटिंग बहुधा लवकर सरकते. नाहीच जमलं तर तत्काळ. आदल्या दिवशी एसीचं १० वाजता उघडतं, स्लीपरचं ११ ला.

आणखी एक बघा. ऑगस्टपासून पुणे ते अजनी वंदे भारत सुरू झाली आहे. सकाळी निघून संध्याकाळी पोचते, बारा तासांचा प्रवास. बसूनच जायचं आहे, पण २४ ला सकाळी निघालात तर त्याच रात्री बाबांच्या शेजारी मेणबत्ती धरून उभ्या राहाल. अजनी हे नागपूर शहरातलंच स्टेशन आहे.

प्रतिसाद २

मी चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलं, त्या हक्कानं सांगते, जा बाई. मंडळी एक नाताळ सांभाळून घेईल. वडिलांची ही सकाळ परत यायची नाही.

त्या मुलाला आजच विचार, डिसेंबरची वाट पाहू नकोस. २४ आणि २५ ची गीतं पाळकसाहेबांकडून आत्ताच ठरवून घे. सगळी मिळून आठ-नऊ असतील, ती मंडळीला तोंडपाठ असलेलीच निवडा. लोकांना चाल येत असली की वाजवणाऱ्याला धीर येतो, एखादा सूर चुकला तरी गाणं थांबत नाही. येत्या रविवारी त्याला फक्त अर्पणाच्या वेळचं गीत दे आणि तू शेजारी बस. पुढच्या रविवारी दोन. डिसेंबर लागला की तू मागच्या बाकावर जा, म्हणजे तो तुझ्याकडे बघायचं सोडेल. मिरजेहून रात्रीची धावाधाव करून ७ तारखेला येऊ नकोस. तो रविवार पूर्ण त्याचा असू दे. त्याची खरी तयारी त्याच दिवशी होईल.

नाटिकेत मेंढपाळांचा आणि मागी लोकांचा (पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा) प्रवेश महिला मंडळातल्या दोघींना वाटून दे. कपडे, काठ्या, तारा आणि सोनं-ऊद-गंधरसाचे डबे एकाच पिशवीत ठेव आणि पिशवी चर्चमध्येच राहू दे. घरी नेलेल्या वस्तू ऐन दिवशी घरीच राहतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री हे वाचून खूप रडले आणि सकाळी पाळकसाहेबांना भेटले. मी पुरतं बोलायच्या आतच ते म्हणाले, "बाबांना आमचा सलाम सांगा." गीतं रविवारी ठरवू.

मुलाच्या आईशी बोलले. तो हो म्हणाला, पण २५ ला एक विलायती चाल आहे, तिथे त्याचा डावा हात, म्हणजे भाता, धापा टाकतो. आज संध्याकाळी माझी पेटी त्याच्या घरी पोचवतेय, सरावाला तीच हवी.

२४ च्या वंदे भारतची दोन तिकिटं मिळाली, माझं आणि मुलीचं. ह्यांना २५ ची उपासना झाल्यावर आधीच्याच तिकिटावर येता येईल. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आज रात्री फोन करेन.

आता एकच अडचण. परतीचं ३० तारखेचं तिघांचं वेटिंगवर आहे. समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगरपर्यंत येऊन तिथून पुण्याला, असा प्रवास कोणी वर्षअखेरीला बसनं केलाय का? दिवसा निघावं की रात्री? ३१ ला दुपारपर्यंत पोचणं भाग आहे.