फाफे मोठा झाला, वाचक मात्र लहानच

२०१७ चा ‘फास्टर फेणे’ हा मराठी चित्रपट मुलांना बेलाशक दाखवावा, असे काहीजण म्हणतात. मी मात्र थोडा अडखळतो. भा. रा. भागवतांच्या किशोरकथांतला बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे ऊर्फ फाफे, हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल दामटणारा किडकिडीत शाळकरी मुलगा, आणि आपल्याच वयाचा पोरगा भल्याभल्यांना चकवतो यातच दहा वर्षांच्या वाचकाचे सारे सुख. चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण आहे आणि कथा एका परीक्षार्थीच्या मृत्यूपासून घोटाळ्याकडे जाते. थरारपट म्हणून तो मला आवडला (गिरीश कुलकर्णींचा खलनायक तर फारच). पण पुस्तकांतला फाफेचा तो ‘ट्टॉक्’ आवाज ऐकून सुखावलो ते आम्ही चाळिशीतले. शेजारी बसलेला भाचा मध्यंतरात विचारत होता, “मामा, हा कितवीत आहे?”