मुलीला १७ हजार हर्ट्झ ऐकू येतं, मला १२ हजारच. दोष मोबाईलचा का कानाचा?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. काल रात्री नववीतल्या लेकीनं मोबाईलवर कान तपासायचं कसलं तरी ॲप टाकलं, शिट्टी बारीक बारीक होत जाते आणि ऐकू यायची थांबली की बटण दाबायचं. तिचं १७ हजारापर्यंत गेलं, माझं १२ हजारालाच संपलं, वय ४३. ती म्हणते पप्पा वाजतंय की अजून, आणि मला नुसता पंखा ऐकू येतोय! शाळेत तर २० ते २०,००० हर्ट्झ शिकलो होतो. लहानपणी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद असला तरी बाहेरच्या खोलीतून मला कळायचं की टीव्ही चालू आहे, बारीक किर्र यायची. ती कुठे गेली?

पण खरी काळजी अण्णांची. वय ७१, तीस वर्षं धोट्याच्या मागावर चादरी काढल्या, माग घराखालीच आणि आम्ही वर झोपायचो. त्यांचं ४ हजाराच्या आसपास थांबलं. ते म्हणतात मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता. त्यांना माझं बोलणं कळतं, नातीचं कळत नाही. परवा भाजीवाला साठ म्हणाला तर आठ रुपये काढून दिले, वर त्यालाच भांडले. डॉक्टरकडे न्यावं का उगाच खर्च?

प्रतिसाद १
मोबाईलच्या स्पीकरवर जाऊ नका. माझ्या ब्लूटूथवर १५ च्या पुढे काहीच नव्हतं, वायरचा हेडफोन लावला तर १६ पण लागलं.

प्रतिसाद २
तुमची किर्र खरी होती. जुन्या डब्बा टीव्हीत चित्राच्या ६२५ ओळी सेकंदाला २५ वेळा काढल्या जायच्या, गुणाकार करा, १५,६२५ हर्ट्झ. आता तो टीव्ही आणला तरी तुम्हाला बहुतेक ऐकू येणार नाही. २० हजार हा लहान पोरांचा आकडा आहे, चाळिशीनंतर वरचं जातंच, त्याचं टेन्शन घेऊ नका, बोलणं त्याच्या खूप खाली असतं.

अण्णांचं मात्र वेगळं वाटतंय. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज टिपणाऱ्या केसपेशी अगदी तोंडाशी, वयानं त्याच आधी जातात आणि परत येत नाहीत. मागाच्या खडखडाटानं त्यात भर, शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर असतो आणि कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० हीच हद्द आहे. अशा कानाच्या तपासणीच्या आलेखात बहुधा ४ हजाराशी खड्डा दिसतो, म्हणजे तिथं कमी ऐकू येतं. बोलण्यातले अ, आ असे स्वर खालच्या पट्टीत म्हणून आवाज येतो, पण स, श वरच्या पट्टीत, ते गळतात. साठचं आठ तसंच झालं असणार. म्हणून त्यांना खरंच वाटतं की तुम्ही पुटपुटता, ते खोटं बोलत नाहीयेत. ऑडिओमेट्री करून घ्या, २५० ते ८ हजारापर्यंत तपासतात, दुखत नाही. सिव्हिलला कानाच्या ओपीडीत विचारा.

मूळ धागाकर्ता
धन्यवाद दादा. सोमवारी नेतो, तयार झाले तर. जायच्या आधी कानात तेल घालून मळ काढून ठेवू का?

प्रतिसाद २
अजिबात नको, ना तेल ना काडी. मळ असला तर डॉक्टरच काढतील. आणि तुम्हीपण तपासून घ्या, मागावरच झोपलाय तुम्ही.