नवी मुंबईतील डेटा सेंटरांचा हरितपणा कशावर ठरवायचा?

खाडीकाठ : ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरे झपाट्याने वाढत आहेत आणि त्यांच्या जाहिरातींत ‘हरित’ हा शब्द हमखास असतो. या दाव्याचा आधार बहुधा पीयूई हाच असतो, म्हणजे केंद्राची एकूण वीज भागिले प्रत्यक्ष संगणकीय यंत्रांना मिळणारी वीज. माझ्या मते हा आकडा इमारतीचा हिशेब देतो, संगणनाचा नव्हे, कारण काहीही काम न करता चालू असलेला सर्व्हरही त्यात उपयुक्त धरला जातो.

भारनियमन : असहमत. २००७ मध्ये हे मोजमाप पुढे येईपर्यंत शीतकरणावर किती वीज जाते, याची तुलनाच करता येत नव्हती. आज गूगलच्या केंद्रांची सरासरी १.१ च्या आसपास आहे. थंड स्वीडनचे उदाहरण इथे चालणार नाही हे मान्य, पण सिंगापूर आपल्याइतकेच दमट आहे. तिथे नव्या केंद्रांवरील स्थगिती २०२२ मध्ये उठवताना पीयूई १.३ किंवा त्याहून कमी असण्याची अट घालण्यात आली आणि पुढच्याच वर्षी सर्व्हर-कक्षाचे तापमान टप्प्याटप्प्याने २६ अंश वा त्याहून वर नेण्यासाठी मानक आले.

खाडीकाठ : मेख तिथेच आहे. कक्ष अधिक उष्ण ठेवला की सर्व्हरमधले पंखे जोरात फिरतात आणि ती वीज संगणकीय खात्यात पडते. त्यामुळे एकूण वापर वाढूनही पीयूई सुधारलेला दिसू शकतो. शिवाय कूलिंग टॉवर पाण्याची वाफ करून वीज वाचवतात आणि पीयूईत पाण्याचा थेंबही मोजला जात नाही. या औद्योगिक पट्ट्याचे पाणी बारवी धरणातून येते, तेव्हा हा खर्च शेवटी कोणाच्या वाट्याचा?

तिसरीपाळी : या क्षेत्रात काम करतो म्हणून सांगतो, जुना सर्व्हर बंद करण्याच्या कागदावर सही करायला कोणी धजावत नाही.

भारनियमन : पाण्याचा आकडा जाहीर करणे सक्तीचे करा, माझी हरकत नाही. सर्व्हरच्या वापराचे मात्र तसे नाही. कोलोकेशनमध्ये यंत्रे ग्राहक बँकेची किंवा कंपनीची असतात. केंद्रचालक जागा, वीज आणि थंडावा पुरवतो. जी यंत्रे त्याला बंद करण्याचा अधिकारच नाही, त्यांच्या निष्क्रियतेसाठी त्याला जबाबदार धरायचे असेल, तर आधी ग्राहकांशी होणाऱ्या करारांत बदल करावा लागेल.

खाडीकाठ : करार बदला, असेच माझे म्हणणे आहे, वीजबिल ग्राहकाकडून वसूल करणाऱ्या चालकाला त्याची घाई नसते, इतकेच.