मदत हवी आहे : कीर्तनकार बुवांचा १९६२ सालचा फोटो विकिपीडियावर रीतसर कसा चढवावा?

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने मी मराठी विकिपीडियावर आमच्या भागातल्या एका नारदीय कीर्तनकारांवर लेख लिहिते आहे. बुवा १९८९ साली गेले. सांगली-मिरज पट्ट्यात त्यांचं मोठं नाव होतं, आणि माझे वडील त्यांना पेटीची साथ करायचे. लेखासाठी वर्तमानपत्रांची दोन कात्रणं मिळाली, १९६३ च्या एका कीर्तन संमेलनाची स्मरणिकाही मिळाली. अडलंय ते फोटोपाशी.

फोटो बुवांच्या थोरल्या चिरंजीवांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतःहून माझ्या हातात ठेवला. बुवा उभे आहेत. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणं, उजव्या हातात चिपळ्या. मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा, त्यावर जिना आणि फुलांची कुंडी. डाव्या हाताची बोटं जराशी हललीत, तेवढीच धूसर आलीत, बाकी फोटो लख्ख आहे. पाठीमागे जांभळ्या शाईत मिरजेच्या स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने १४-१-६२. अण्णा म्हणाले, संक्रांत होती त्या दिवशी.

मी घरी स्कॅन केला, डाग काढले आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या मुक्त साठ्यावर, चढवला. तिथे विचारलं होतं की काम कुणाचं. मी ‘माझं स्वतःचं’ असं निवडलं, कारण स्कॅन मीच केला होता. तीन दिवसांनी फाइलवर वगळण्याची चर्चा सुरू झाली. तिथल्या स्वयंसेवकांनी नीट शब्दांत तीनच गोष्टी विचारल्यात : फोटो कोणी काढला, पहिल्यांदा कुठे छापला, परवानगी कोणाची. चूक माझीच आहे, ती तिथे कबूलही केली. पण उत्तरं काय द्यायची हे कळत नाहीये.

स्टुडिओ केव्हाच बंद झाला, फोटोग्राफर हयात नाहीत. फोटोची प्रत अण्णांची, मग हक्कही त्यांचा धरायचा का? की फोटोग्राफरच्या मुलांचा? साठ वर्षं झाली म्हणजे फोटो मुक्त होतो असंही ऐकलंय. स्मरणिकेत हाच फोटो छापलेला आहे, त्याने काही फरक पडतो का? बुवांच्या लेखावर त्यांचा चेहरा नसावा हे मनाला पटत नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, एवढं मनावर घेऊ नका. तुमचा काही धंदा नाही, माहितीचं काम आहे. ‘फेअर यूज’, म्हणजे हक्कदाराला न विचारता केलेला रास्त वापर, असं खाली लिहा आणि परत चढवा. सगळे तसंच करतात.

प्रतिसाद २

वरचा सल्ला कृपया पाळू नका. कॉमन्सवर फेअर यूज अजिबात चालत नाही. तिथली फाइल जगात कोणीही, कशासाठीही, अगदी विकण्यासाठीसुद्धा वापरू शकेल अशीच लागते. मार्च २००७ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने ठराव करून इतर प्रकल्पांना मुक्त नसलेल्या फाइलींसाठी आपापलं अपवादाचं धोरण ठरवायची मुभा दिली, कॉमन्सला मात्र त्यातून बाहेर ठेवलं. इंग्रजी विकिपीडियाने असं धोरण केलंय. तिथे दिवंगत व्यक्तीचा फोटो मुक्त पर्याय नसेल तर चालतो, पण फक्त त्या व्यक्तीच्या लेखात, कारण लिहून, आणि आकाराने लहान, साधारण एक लाख पिक्सेलच्या आसपास. परत चढवलात तर पुन्हा वगळतील आणि तुमच्या खात्यावर ताकीद येईल.

शिवाय ‘फेअर यूज’ हा अमेरिकेच्या कायद्यातला शब्द. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात ‘फेअर डीलिंग’ म्हटलंय, आणि कामंही मोजून दिलीत : खाजगी वापर, संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. ‘नफा नाही’ एवढ्यावर सुटका होत नाही.

आता साठ वर्षांचं. फोटोंसाठी वेगळं कलम २५ होतं. प्रसिद्ध झालेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. स्मरणिकेत १९६३ ला छापला, म्हणजे १९६४ पासून मोजून २०२३ अखेर मुदत संपली असं दिसतं. पण २०१२ च्या दुरुस्तीत ते कलमच गेलं आणि फोटोंनाही इतर कलाकृतींसारखी कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं लागू झाली. तुमच्या फोटोला जुना हिशोब लावायचा की नवा, यावर वाद होऊ शकतो. त्यात शिरूच नका, कारण दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. कॉमन्सवरचं काम मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मुक्त लागतं. १ जानेवारी १९९६ ला जे भारतात हक्काखाली होतं त्याला अमेरिकेत पुन्हा संरक्षण मिळालं, प्रसिद्धीपासून ९५ वर्षं. १९६३ चा फोटो तिथे २०५८ अखेरपर्यंत बंद. म्हणून वर्षं मोजण्यापेक्षा हक्क कोणाचा ते शोधा आणि परवानगी आणा.

वर्तमानपत्रातला फोटो कापून चढवायचा विचार असेल तर तोही सोडा. तो नोकरीत काढलेला असला आणि उलट करार नसला, तर वर्तमानपत्र-मासिकांत छापण्यापुरता हक्क मालकांचा, बाकीचा फोटोग्राफरचा.

प्रतिसाद ३

माझ्या वडिलांचा कोल्हापुरात स्टुडिओ होता, म्हणून लिहितो. तुमच्या सगळ्या प्रश्नात एक गोष्ट सुटलीय. फोटोची ऑर्डर कोणी दिली आणि पैसे कोणी मोजले?

कायद्यात फोटो काढणारा हाच कर्ता. पण कलम १७ मध्ये सांगितलंय की कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे बुवा स्वतः स्टुडिओत जाऊन पैसे देऊन फोटो काढून आले असतील तर हक्क बुवांचा, आणि त्यांच्यामागे वारसांचा. फोटोग्राफरच्या मुलांना शोधत फिरायची गरज नाही. संमेलनवाल्यांनी स्मरणिकेसाठी काढून घेतला असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

निगेटिव्ह आमच्याकडेच राहायच्या. आजही दोन पत्र्याच्या पेट्या आहेत, गिऱ्हाइकाच्या नावाचा कागद गुंडाळलेल्या. लोकांना वाटतं ज्याच्याकडे निगेटिव्ह त्याचा हक्क. तसं नाही. प्रत जवळ असणं, निगेटिव्ह जवळ असणं, स्कॅन करणं, यातल्या कशानेच हक्क येत नाही. पावती शोधा. साठ वर्षांपूर्वीची पावती सापडणं कठीण, पण त्या काळी लोक हिशोब लिहीत. वही बघा.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे फार आभार. काल संध्याकाळी अण्णांकडे गेले होते. पावती नाही. पण बुवांची बिदागीची वही आहे, लाल कापडी बांधणीची. कुठे कीर्तन झालं, किती मिळाले, जाण्यायेण्याचा खर्च किती, सगळं त्यात आहे. जानेवारी ६२ च्या पानावर त्यांच्याच अक्षरात : ‘मिरज. फोटो, प्रती ३, रु. ९’. वाचताना अण्णांचा आवाज कापरा झाला. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवलाय.

आता पुढचं. बुवांना तीन मुलं आणि एक मुलगी. अण्णा तयार आहेत, दोघं भाऊही तयार आहेत. पुण्याच्या ताईंनी मात्र फोनवर विचारलं, ‘उद्या कोणी बाबांचा फोटो खताच्या जाहिरातीवर छापला तर?’ मला उत्तर देता आलं नाही. त्यांची भीती मला खरी वाटते. फक्त विकिपीडियापुरती परवानगी देता येते का?

प्रतिसाद २

वहीचं पान म्हणजे सोनं आहे, जपून ठेवा.

फक्त विकिपीडियापुरती किंवा ‘व्यापारी वापर नको’ अशी परवानगी कॉमन्स घेत नाही. ताईंना हे स्पष्ट सांगा, लपवू नका. सीसी बाय-एसए ४.० हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना दिला की तो मागे घेता येत नाही, आणि जाहिरातीतही फोटो वापरता येतो. वापरणाऱ्याने श्रेय द्यायचं, परवाना नमूद करायचा, बदल केले तर ते सांगायचे आणि बदललेलं कामही त्याच परवान्याखाली ठेवायचं. बुवांनी त्या वस्तूची शिफारस केली असं भासवायची मुभा हा परवाना देत नाही. हे ऐकूनही ताईंना नको वाटलं तर फोटो चढवू नका. हक्क चौघांचा आहे, तिघांच्या होकारावर एकाचा नकार दाबायचा नसतो.

चौघंही तयार झाले तर प्रत्येकाने आपापल्या ईमेलवरून परवानगी पाठवायची. कॉमन्सवर त्याचा तयार मसुदा आहे. इंग्रजी मसुदा वापरलात तर खाली मराठी भाषांतर जोडा, सही करणाऱ्याला आपण काय लिहून देतोय ते कळलं पाहिजे. हा पत्रव्यवहार व्हीआरटी नावाचा स्वयंसेवकांचा गट पाहतो, पत्रं उघड होत नाहीत. वहीच्या पानाची प्रतही सोबत द्या. फाइल दरम्यान वगळली गेली तरी घाबरू नका, परवानगी मान्य झाली की ती परत आणता येते. आणि ‘स्वतःचं काम’ ही नोंद आजच दुरुस्त करा.

प्रतिसाद ३

गावात बुवांचा पुतळा वगैरे आहे का? सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि छापायला कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. शिल्पकाराला विचारावं लागत नाही. भिंतीवरच्या रंगवलेल्या चित्राला मात्र ती सवलत नाही, एवढं लक्षात असू द्या.

धागाकर्ती

आहे! विठ्ठल मंदिरासमोरच्या चौकात अर्धपुतळा आहे, मंडळाने पंचधातूत करून घेतलेला. रोज त्याच्यासमोरून जाते आणि हे सुचलं नाही. तोंड पूर्वेला आहे, सकाळी आठपर्यंत ऊन थेट चेहऱ्यावर असतं. रविवारी जाऊन काढते, तो खरोखर माझा स्वतःचा फोटो असेल. परवानगीचं ठरेपर्यंत लेखात तोच राहील.

फाइलवरची नोंद आत्ताच बदलली, वगळण्याच्या चर्चेतही सगळं जसंच्या तसं लिहिलं. पुण्याला फोनवर बोलण्याऐवजी पुढच्या आठवड्यात जाऊनच ताईंना भेटते. मसुद्याचं मराठी भाषांतर छापून नेईन, वहीही नेणार आहे. ती वही त्यांनी वडील गेल्यापासून पाहिलेली नाही.